नेमकं बोलायचं म्हणजे किती?

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. इथून नोकरी शोधायला निघालेल्या मुलामुलींपुढे चार वाटा असतात. आसनगाव-वाशिंदचे कारखाने, मुरबाडची एमआयडीसी, पडघा-भिवंडीची गोदामं, नाहीतर आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याची ऑफिसं. सरकारी भरतीची आशा या सगळ्यांबरोबर चालूच असते. प्रत्येक वाटेवरची मुलाखत वेगळी. गोदामात ठेकेदाराचा माणूस आधार कार्ड बघतो, आधी कुठे होतास आणि रात्रपाळी चालेल का एवढं विचारतो, आणि उद्यापासून ये म्हणतो. कारखान्यात एचआरवाले आणि शॉप फ्लोअरचा सुपरवायझर मिळून दहा मिनिटं देतात. राज्यसेवेच्या किंवा यूपीएससीच्या मंडळासमोर अर्धा तास बसावं लागतं.

या सगळ्यांसाठी सल्ला मात्र एकच दिला जातो: थोडक्यात आणि मुद्द्याचं बोला. कॉलेजातल्या मार्गदर्शन शिबिरात तो मिळतो, रोजगार मेळाव्यात मिळतो, क्लासच्या फळ्यावर लिहिलेला असतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धा आहे, आणि शहापूर-मुरबाडच्या पोरांना उरलेला अर्धा कुणी सांगत नाही. नेमकं उत्तर कसं तयार होतं, ते कुणाला सहज जमतं, कुणाला का जमत नाही आणि ते जमण्याची जबाबदारी समोरच्या खुर्चीवर किती असते, यावर गेली साठ-सत्तर वर्षं अभ्यास झालेला आहे. आपल्या न्यायालयांनीही यावर बरंच म्हटलं आहे. ते सगळं एकत्र मांडून बघितलं, तर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. नेमकेपणा हा जिभेच्या सवयीपेक्षा कामाच्या ओळखीतून जास्त येतो. ज्याने काम हाताने केलं आहे आणि ते काम सांगण्याजोगं आहे हे ज्याला कळलं आहे, त्याचं उत्तर आपोआप आटोपशीर होतं.

आधी आपल्याकडे लांबण कशी लागते ते जवळून बघू. आयटीआय झालेला एक मुलगा मुरबाडच्या कारखान्यात फिटरच्या जागेसाठी बसला आहे असं धरा. सुपरवायझर विचारतो, "फिटरला काय काय शिकलास?" मुलगा सुरुवात करतो, "सर, मी बारावी सायन्स केली होती, पण घरची परिस्थिती नव्हती, मग काका म्हणाले की आयटीआय कर, तिथे ॲडमिशन मिळालं, पहिल्या वर्षी लॉकडाऊनमुळे प्रॅक्टिकल कमी झालं, पण दुसऱ्या वर्षी सरांनी खूप शिकवलं..." एक मिनिट गेलं आणि फाईल, ड्रिल, टॅप यांतला एकही शब्द अजून आलेला नाही. सुपरवायझर मान हलवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्याच मुलाने असं म्हटलं असतं तर? "फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, रीमिंग. मेल-फीमेल फिटिंगचे जॉब केलेत. व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर माप घेता येतं." यावर सुपरवायझर लगेच पुढे जाणार: मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट किती? "०.०१ मिलिमीटर, सर. आम्ही वापरायचो त्या व्हर्नियरचा ०.०२." इथे दोन माणसं कामाबद्दल बोलायला लागली. दुसरं उत्तर छोटं आहे हा त्याचा दुय्यम गुण. त्या उत्तरातला प्रत्येक शब्द समोरच्याला पुढचा प्रश्न सुचवतो, हा मुख्य.

पहिल्या उत्तरातला मुलगा बडबड्या नाही, आणि त्याला काही येत नाही असंही नाही. त्याला वाटतं की आपण इथवर कसे पोचलो हे सांगितल्याशिवाय आपली किंमत कळणार नाही. गावात कुणाच्या घरी कामासाठी गेलं, तर कुणी दारातच मुद्दा टाकत नाही. आधी पाऊसपाणी, लावणी कुठवर आली, म्हातारीची तब्येत कशी आहे, आणि मग चहाचा कप खाली ठेवताना, "एक काम होतं..." हा मान देण्याचा रिवाज आहे आणि तो गावात योग्यच आहे. मुलाखतीच्या टेबलावर मात्र नमनाला घडाभर तेल ओतेपर्यंत वेळ संपते.

या रिवाजाचा अभ्यास लंडनमध्ये झाला आहे. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तिथल्या दक्षिण आशियाई लोकांच्या मुलाखती आणि कामावरची बोलणी टिपली. १९७९ मध्ये बीबीसीने त्यावर 'क्रॉसटॉक' हा कार्यक्रम दाखवला. गम्पर्झचं निरीक्षण असं, की हे लोक आधी पार्श्वभूमी आणि कारणं सांगतात आणि मुद्दा शेवटी ठेवतात. इंग्रज ऐकणारा मुद्दा पहिल्या वाक्यात शोधत असतो. तिथे तो सापडला नाही की माणूस टाळाटाळ करतोय किंवा त्याला विषयच कळलेला नाही असा समज होतो, आणि शेवटी मुद्दा येतो तेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. २००६ मध्ये सीलिया रॉबर्ट्स आणि सारा कॅम्पबेल यांनी ब्रिटनच्या रोजगार खात्यासाठी प्रत्यक्ष मुलाखतींचा अभ्यास केला. त्यातही परदेशात जन्मलेले उमेदवार मागे पडण्याचं मोठं कारण व्याकरण किंवा उच्चार हे नव्हतं. मुलाखतीत उत्तर कोणत्या आकाराचं हवं असतं, हा अलिखित नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. यासाठी अमुक एक समाज बोलण्यात कच्चा आहे असं मानायची काहीच गरज नाही. आपल्याकडे ही दरी समुद्रापार जायच्या आधीच, शहापूरचं तालुक्याचं गाव आणि एचआरचं केबिन यांच्यामध्येच पडलेली असते.

आणि ती सगळ्यांसाठी सारखी नसते. कातकरी किंवा ठाकूर वाडीवरच्या मुलाला घरी बोलली जाणारी बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. मुलाखतीची मराठी हीच त्याच्यासाठी शाळेत शिकलेली भाषा असते. त्याच्यावर हिंदी-इंग्रजी मिसळलेले प्रश्न आले, की तो "हो", "नाही", "माहिती आहे" यापलीकडे जात नाही. पाल्हाळ लावणारा उमेदवार सगळ्यांच्या लक्षात राहतो. हा गप्प उमेदवार कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि थोडक्यात बोला या सल्ल्याने त्याचं नुकसानच होतं. त्याचं उत्तर आधीच फार लहान आहे. त्यात एक पुरावा, एक उदाहरण वाढवायला हवं. भाषातत्त्वज्ञ पॉल ग्राइसने १९७५ मध्ये छापलेल्या निबंधात संवादाची एक साधी अट सांगितली होती: गरजेइतकी माहिती द्या, गरजेपेक्षा जास्त देऊ नका. त्यातलं गरजेइतकी हे पहिलं अंग आपल्या शिबिरांमधून जवळजवळ गळालेलंच आहे.

गप्प उमेदवारासाठी समोरच्याला एक गोष्ट करता येते, ती म्हणजे थांबणं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच वाट बघतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच बोलतात, असं तिला दिसलं. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांबली, त्यांत कारणं यायला लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हा शाळेतला अभ्यास आहे. पण आयटीआयच्या कॅम्पस मुलाखतीला बसणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने तो आपल्या टेबलावर आजमावून बघावा.

उत्तराची लांबी प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात किती असते, याचा सर्वांत बोलका प्रयोग १९६३ मध्ये छापून आला. जोसेफ मॅटराझो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात पोलीस आणि अग्निशमन दलात भरती होऊ पाहणाऱ्या उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. ४५ मिनिटांच्या मुलाखतीचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात मुलाखतकार एका वेळी साधारण ५ सेकंद बोलायचा, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात पुन्हा ५. मधल्या भागात उमेदवारांची उत्तरं सरासरीने जवळपास दुप्पट लांबली आणि तिसऱ्यात पुन्हा आखडली. उमेदवारांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. याचा अर्थ असा, की "स्वतःविषयी जरा सविस्तर सांगा, म्हणजे शिक्षण, घर, आवडीनिवडी, पुढे काय करायचंय..." असा गोल प्रश्न विचारून नंतर उमेदवार फार बोलतो अशी तक्रार करणं न्याय्य नाही. लांब उत्तर बऱ्याचदा लांब आणि अस्पष्ट प्रश्नाचं अपत्य असतं.

म्हणूनच निवडशास्त्राचा कल पन्नास वर्षांत ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीकडे झुकला. १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रसंग, काम, कृती, परिणाम अशा क्रमाने उत्तर घेण्याची पद्धत रुळली. आज प्रत्येक क्लासवाला तीच पद्धत 'स्टार' या नावाने शिकवतो. १९८० मध्ये गॅरी लॅथम यांनी, असा प्रसंग आला तर काय कराल, या धर्तीचे प्रश्न मांडले. १९८२ मध्ये टॉम जान्झ यांनी, असा प्रसंग आला होता तेव्हा काय केलंत, या धर्तीचे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांचा हिशेब नव्याने मांडला. त्यात सगळ्यांना तेच प्रश्न विचारून आखीव गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला, तर मनाला येईल तसे प्रश्न विचारणाऱ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९. पहिली पद्धत परिपूर्ण नाही, पण दुसरीच्या दुपटीहून जास्त भरवशाची आहे. आपल्या भागातल्या बहुतेक छोट्या कारखान्यांत आजही दुसरीच चालते.

वेळेचंही असंच. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सहाशेहून अधिक मुलाखती तपासल्या गेल्या. साधारण पाव हिश्शाचे निर्णय मुलाखतकारांनी पहिल्या ५ मिनिटांत घेतलेले होते आणि १५ मिनिटांत सुमारे साठ टक्के. पहिल्या प्रश्नाला दोन मिनिटं बालपणात घालवणाऱ्या मुलाचं नुकसान कुठे होतं, ते यावरून दिसतं. त्याच्याकडचा चांगला माल येईपर्यंत पुष्कळदा निकाल लागलेला असतो.

मग पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं काय? एड्रियन बँगर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या खऱ्या निवड मुलाखतींतली उत्तरं तपासली. तुम्ही केलेल्या एखाद्या कामाचा प्रसंग सांगा, असं स्पष्ट विचारलं तरी पाव हिश्शापेक्षा कमी उत्तरांत खरा प्रसंग होता. बाकीचे स्वतःचं वर्णन करत राहिले: मी मेहनती आहे, मला माणसं सांभाळता येतात. आपल्या मुलांचं याहून वेगळं नाही. "मी हार्डवर्किंग आहे, टीमवर्क आवडतं" हे वाक्य मेळाव्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकू येतं आणि ते ऐकून समोरच्याला काहीही कळत नाही.

शहापूर-मुरबाडच्या मुलांकडे खरे प्रसंग नाहीत असं थोडंच आहे. ते त्यांना कामात मोजण्यासारखे वाटत नाहीत. घरच्या भेंडीची तोडणी, प्रतवारी, गाडी वेळेत भरणं हे त्यांनी शाळेपासून केलेलं असतं. गोदामात माल वर्गवारीने लावण्याच्या जागेसाठी याहून जवळचा अनुभव कोणता? बचत गटाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. राज्याच्या 'उमेद' अभियानातून गावोगाव बचत गट उभे राहिले आणि अनेक गटांची वही घरातली शिकलेली मुलगी लिहिते. ती मुलगी पडघ्याच्या गोदामात डेटा एंट्रीच्या जागेसाठी जाते, तेव्हा "अनुभव आहे का?" या प्रश्नाला "नाही सर, फ्रेशर आहे" म्हणते. तिचं खरं उत्तर असं आहे: "नोकरीचा अनुभव नाही, पण आमच्या बचत गटाचा हिशेब मी लिहिते. दहा बायकांची बचत, कर्ज, व्याज. दर महिन्याच्या बैठकीत ताळा बसवून दाखवावा लागतो." वीस सेकंदांचं उत्तर. त्यात जबाबदारी आहे, आकडे आहेत, दर महिन्याची तपासणी आहे. एचआरवाला पुढे हमखास विचारणार, ताळा बसला नाही तेव्हा काय केलंस? आणि ते तिला सांगता येतं, कारण तसं घडलेलं असतं.

यासाठीच मला भाषणकलेच्या शिबिरांपेक्षा प्रत्यक्ष काम देणाऱ्या योजना मुलाखतीची जास्त चांगली तयारी वाटतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घालवलेलं एक वर्ष मुलाला बोलायला ऐवज देतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती वाढवली गेली. या काळात मुलांनी रोजच्या कामाची एक वही ठेवावी असं कळकळीने सांगावंसं वाटतं. आज कोणतं यंत्र, कोणती फाईल, किती नग, काय अडलं, कुणी सोडवलं. मुलाखतीच्या आदल्या रात्री नेटवरची उत्तरं घोकण्यापेक्षा ती वही चाळलेली कितीतरी बरी.

घोकलेल्या उत्तराचं दुखणं इंग्रजीत सगळ्यांत उघडं पडतं. "मायसेल्फ..." म्हणून सुरू होणारा परिच्छेद पाठ असतो. मध्येच थांबवून काही विचारलं, तर मुलगा गांगरतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. ज्या भाषेत मध्ये थांबता येतं, वळता येतं, त्याच भाषेत माणूस नेमका बोलू शकतो. म्हणून कामाचे शब्द इंग्रजी असू देत, ते तसेच असतात, पण वाक्य मराठीत चालत असेल तर मराठीत बोलण्याची परवानगी सुरुवातीलाच मागावी. शॉप फ्लोअरच्या माणसाला ते बहुधा सोयीचंच पडतं. एमपीएससीची मुलाखत मराठीत देता येते. यूपीएससीतही भारतीय भाषेत मुलाखत देण्याची मुभा आहे आणि मंडळासाठी दुभाष्याची सोय होते.

सरकारी वाटेवर मुलाखतीचं वजन किती असावं, हा वाद जुना आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशांवरून अजय हसिया खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एकूण गुणांचा एक तृतीयांश भाग मुलाखतीला होता आणि प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती. न्यायालयाने हे मनमानी ठरवलं, मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून जास्त गुण नसावेत असं म्हटलं आणि मुलाखती टेपवर रेकॉर्ड कराव्यात असंही सुचवलं. पुढे १९८५ च्या अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणाच्या सेवाभरतीचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने यूपीएससीचं त्या वेळचं प्रमाण, म्हणजे १२.२ टक्के, हे सर्वसाधारण उमेदवारांसाठी मर्यादा म्हणून धरलं. २०१३ पासून, पुण्याचे डॉ. अरुण निगवेकर यांच्या समितीनंतर झालेल्या बदलांत, यूपीएससीची मुलाखत ३०० वरून २७५ गुणांवर आली आणि एकूण गुण २०२५ झाले. एमपीएससीच्या राज्यसेवेला पूर्वी मुलाखत १०० गुणांची होती. नव्या वर्णनात्मक योजनेत मुख्य परीक्षा १७५० आणि मुलाखत २७५ अशी विभागणी आली. खालच्या स्तरावर उलट दिशेने पाऊल पडलं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. आपल्याकडे पोलीस शिपाई, तलाठी या भरतींत मुलाखत नाही. ओळख आणि वशिला यांची जागा कमी झाली, हे गरीब घरच्या मुलांसाठी चांगलंच झालं असं मी मानतो. मात्र न्यायालयाने दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला हरकत घेतली होती, ती खासगी कारखान्याच्या टेबलावर कुणी नेली नाही. तिथे उमेदवाराने थोडक्यात बोलायचं, आणि समोरच्याने मात्र ऐकायला वेळ काढलाच पाहिजे असं काही नाही.

यूपीएससी आपल्या अधिसूचनेत सांगते की ही उलटतपासणी नसून दिशा आणि हेतू असलेलं सहज संभाषण आहे. ज्या गुणांची परीक्षा होते, त्यांत स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी हाही एक गुण लिहिलेला आहे. शहापूरच्या उमेदवाराच्या अर्जातला पत्ता बघून मंडळ काय विचारेल याचा अंदाज बांधणं अवघड नाही: तुमच्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि तुमच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर कसा? या प्रश्नावर आपली मुलं हमखास घसरतात, कारण तो मनाला लागतो. बोलणं १८९२ च्या तानसा धरणापासून सुरू होतं, विस्थापितांवर जातं, राजकारण्यांवर जातं आणि मंडळाला कारण काही मिळत नाही. याच प्रश्नाचं नेमकं उत्तर साधारण असं होईल: "सर, पाऊस भरपूर आहे, पण धरणं शहराच्या पुरवठ्यासाठी बांधली गेली, मुंबईच्या सात तलावांतला निम्म्याच्या आसपास साठा एकट्या भातसाचा आहे. पुष्कळ पाडे जलाशयापेक्षा उंचावर आहेत, म्हणून पाणी उपसून न्यावं लागतं, आणि खडक बेसॉल्टचा असल्याने विहिरी लवकर आटतात. इगतपुरीचं भावली धरण आमच्यापेक्षा उंचावर आहे. तिथून उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली आहे, ती पुरी होणं हा मला व्यवहार्य उपाय वाटतो." यात दुःख लपवलेलं नाही. कारण आधी आलं, मग उपाय, मग उमेदवाराचं स्वतःचं मत. विस्थापनाबद्दल त्याला बोलायचं असेल तर मंडळ पुढे विचारेलच, आणि नाही विचारलं तरी त्याची बाजू कमकुवत होत नाही.

मुलींना विचारला जाणारा एक प्रश्न इथे टाळून चालणार नाही. लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का? रात्रपाळीला घरचे पाठवतील का? १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्याचीच पंचाईत व्हायला हवी. प्रत्यक्षात पंचाईत मुलीची होते आणि ती सासर-माहेरची सगळी कहाणी सांगायला लागते. तिने कामापुरतं उत्तर द्यावं: "शिफ्टची वेळ आणि येण्याजाण्याची सोय बघूनच अर्ज केला आहे." एवढ्यावर थांबण्याचा तिला हक्क आहे. शिक्षणात किंवा कामात खंड पडला असेल तर तोही एका वाक्यात, वर्षासकट सांगावा आणि पुढे जावं. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर "हे मी केलेलं नाही" हे पूर्ण उत्तर आहे. त्याला सारवासारवीचं शेपूट लावलं की सुपरवायझरला कळतंच.

मोबाइलवर रेकॉर्ड होणाऱ्या मुलाखतींबद्दल थोडं. प्रश्न पडद्यावर येतो, मिनिट-दीड मिनिटाचं घड्याळ चालू होतं आणि समोर माणूसच नसतो, त्यामुळे मान हलवणारं, थांबवणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या कंपनीने उमेदवारांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याची सोय टीका झाल्यावर २०२१ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. पण वेळेची मर्यादा सगळीकडे राहिलीच. अशा मुलाखतीत मुद्दा पहिल्या वाक्यात आणण्याला पर्याय नाही, कारण घड्याळ संपलं की बाकीचं ऐकलंच जात नाही.

शेवटी मुलाखतकार विचारतो, "तुम्हाला काही विचारायचंय?" आपली मुलं "नाही सर" म्हणून उठतात. शहापूर-मुरबाड-भिवंडीच्या पट्ट्यात बरंच काम ठेकेदारामार्फत चालतं, तेव्हा हीच जागा नेमकं बोलण्याची आहे. नेमणूक कंपनीच्या नावावर की ठेकेदाराच्या? पीएफ पहिल्या महिन्यापासून कापला जाईल का? ओव्हरटाइमचा दर काय? रात्रपाळी सुटल्यावर गाडी शहापूर नाक्यापर्यंतच येते की सापगाव पुलापर्यंत सोडते? हे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून न्यावेत, एका दमात विचारावेत आणि मिळालेलं उत्तर त्याच कागदावर समोरच उतरवून घ्यावं. उत्तर मोघम आलं, तर सही करण्याआधी तेच वाक्य पुन्हा एकदा, त्याच शांत आवाजात विचारावं.